हलू नकोस

ते बोट गळ्यापर्यंत आलं तोवर ती बोलली नाही, एवढीच तिची चूक. आणि ती चूक तरी होती का, यावरून दिवसभर तिचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. झालं ते असं. दुकान उघडून फार वेळ झाला नव्हता. स्कार्फ, हातमोजे आणि ब्रोच यांच्या काउंटरपाशी, दोन पुतळ्यांच्या मधे, ती नेहमीसारखी उभी होती: हातावर हात, हनुवटी किंचित वर, नजर दाराकडे. एक गिऱ्हाईक बाई आपल्या जावेशी बोलत बोलत बाजूने आल्या. तिच्या गळ्यातल्या पिवळ्या स्कार्फचं टोक त्यांनी उचललं, दोन बोटांत चोळून पाहिलं, मग उलटून किमतीची चिठ्ठी शोधली. चिठ्ठी सापडेना. बोट वर सरकत सरकत गाठीपाशी आलं, गाठीखालून आत शिरलं आणि थेट गळ्यावर टेकलं. बोट गरम होतं. "कापड झकास आहे गं," बाई मागे वळून जावेला म्हणाल्या, "पण चिठ्ठी कुठे खोचून ठेवतात मेले, देव जाणे." तेव्हा ती म्हणाली, "तो माझा गळा आहे." बाईंनी अशी किंकाळी फोडली की टोप्यांच्या विभागातल्या मुली धावत आल्या. "अगं बाई! जिवंत आहे ही!"

जाऊ हसता हसता काउंटरला धरून खाली बसायच्या बेतात होती. बाई छातीवर हात ठेवून जमलेल्या प्रत्येकाला नव्याने सांगत होत्या, "मला वाटलं पुतळा! हल्ली किती हुबेहूब करतात ना!" आता यंदाच्या पुतळ्यांना डोकीच नव्हती. मानेशी गुळगुळीत कापलेले, दुधासारखे पांढरे पुतळे आले होते. त्यांत आणि हिच्यात गोंधळ व्हायचा तर बघणाऱ्याने स्कार्फच्या वर पाहिलेलंच नसलं पाहिजे. ती हे समजून चुकली आणि तिला वाईट वाटायच्या ऐवजी राग आला. चांगला, स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा राग. इतक्या दिवसांत असा राग आलाच नव्हता म्हणून क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं. ओठ मात्र सवयीने हसले आणि तोंड सवयीने म्हणालं, "काय दाखवू, बाई?" पण बाई तोवर अत्तरांच्या दिशेने निघाल्या होत्या, आणि वाटेत त्यांना इस्त्रीसाहेब भेटले होते.

इस्त्रीसाहेब म्हणजे मजल्याचे मॅनेजर. सकाळी जी घडी घालून येत ती संध्याकाळपर्यंत मोडत नसे, म्हणून मुलींनी ठेवलेलं हे नाव. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपा गेला असता. दरसाल वसंताचा माल लागायचा त्या दिवशी काउंटरवरच्या सगळ्या जणींनी काळ्या पोशाखावर नव्या मालातली एकेक वस्तू घालायची, ही दुकानाची फार जुनी रीत होती. बाहेर थंडी मी म्हणत असायची, गिऱ्हाइकं ओव्हरकोटात नाकं खुपसून आत यायची, आणि आत गवती टोप्या, जाळीचे हातमोजे, पेरूच्या गरासारख्या गुलाबी पर्सा, कमरेचे पट्टे, कापडी फुलं. बाहेर नसलेला ऋतू आधी यांच्या गळ्यात यायचा. यंदा इस्त्रीसाहेबांनी त्या रीतीत सुधारणा केली होती. नवे रंग फक्त मुलींनी घालायचे. जुन्या बायकांना एकसारखे राखाडी स्कार्फ. "तुम्ही पार्श्वभूमी आहात, मावशी," तिच्या हातात घडी देताना ते मनापासून म्हणाले होते. "पार्श्वभूमीशिवाय चित्र उठून दिसत नाही." बिचाऱ्यांना वाटलं, आपण कौतुक केलं. तिने ती पार्श्वभूमी घडीसकट खणात टाकली आणि पातळ कागदातून मोहरीच्या फुलांच्या रंगाचा तो स्कार्फ बाहेर काढला. त्या रंगाचा एकच नग आला होता. खरेदी खात्याच्या मते तो कुणी घेणार नव्हतं.

"मावशी, हा पिवळा तुम्हाला कुणी दिला?" आता इस्त्रीसाहेब हळू आवाजात विचारत होते.

"मीच घेतला."

"राखाडी दिला होता ना?"

"दिला होता. खणात सुखरूप आहे."

"अहो, गिऱ्हाईक घाबरलं आपलं."

"मीही घाबरले असते," ती म्हणाली, "पण मला कुणी वेळच दिला नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे, मग तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी. "असं करू या. जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही खाली पार्सलला बसा. बसून काम आहे, पायांनाही आराम. आणि आता कायमचंच करून टाकू ते, माझ्या डोक्यात होतंच. हा तेवढा काढा आणि ह्या पुतळ्याला घाला." एवढं बोलून ते गेले. तळघरातल्या पार्सलच्या खोलीला खिडकी नव्हती आणि आरसाही नव्हता. एकदा तिथे गेलेली बाई वर आल्याचं या दुकानाने पाहिलं नव्हतं. तिचं अख्खं तरुणपण या काउंटरमागे गेलं होतं. दुसरं काहीही तिच्यापासून काढून घेतलं असतं तर ती एक वेळ गप्प बसली असती, पण हे नाही.

तिने गाठीला हात लावला. काढायला नव्हे, बोट जिथे टेकलं होतं ती जागा अजून वेगळी वाटत होती. आणि तिथेच तिचं भांडण सुरू झालं. टोक उचललं तेव्हाच का नाही बोललीस? कापड चोळलं तेव्हा? बोट वर येत होतं तेव्हा? काही क्षण तू पुतळा झालीस ते कुणाच्या सांगण्यावरून? उत्तर तिला ठाऊक होतं, फक्त त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती. तिची आई शिवणकाम करायची. वरच्या मजल्यावरची एकच खोली, खिडकीपाशी मशीन, पायाखाली चिंध्या. या घरातही ऋतू आधीच यायचा. खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली असायची आणि आत आई वसंताचे फ्रॉक शिवत असायची, एका कारखानदाराच्या मुलीचे. ती मुलगी आणि ही एका मापाच्या. मोठ्या घरच्या मुलीला दहा वेळा कशाला जिने चढायला लावायचे? "आमचीला घालून बघते," आई म्हणायची, आणि हिला स्टुलावर उभं करायची. टाचण्या आईच्या तोंडात असत, त्यामुळे शब्द ओठांच्या कोपऱ्यातून यायचे. "हलू नकोस." ही हलत नसे. पाय आखडले तरी, नाक खाजलं तरी, खाली रस्त्यावर पोरं ओरडत असली तरी. एकदा कॉलरपाशी टाचणी रुतली तेव्हाही ती हलली नाही. बारीकसा लाल ठिपका उमटला तो आधी आईने कापडावर पाहिला. "थुंक," आई म्हणाली. ही बघतच राहिली. "अगं थुंक लवकर, वाळायच्या आत! ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीनं निघतं." कॉलर तोंडाशी धरून तिने थुंकून थुंकून ती ओली केली, आईने फडक्याने टिपली, आणि डाग खरंच गेला. फ्रॉक दुसऱ्या दिवशी जिना उतरून गेला. "मला कधी?" असं तिने एकदा विचारलं होतं. "तुझं काय, तुझं माप तर घरातच आहे," आई म्हणाली, "कधीही शिवता येईल." त्या 'कधीही'त तिचं सगळं लहानपण गेलं.

पण आईवर रागावून मोकळं व्हावं इतकं ते सरळ नव्हतं. आई मुलांना जवळ घेणाऱ्यांतली नव्हती. तिचा हात अंगाला लागायचा तो मापापुरता: खांद्यावर, कमरेशी, आणि गळ्याभोवती, कॉलर बसते का बघताना. बोटं सुईकामाने खरखरीत झालेली, पण गरम. हलली नाहीस तर ती बोटं आणखी थोडा वेळ राहतात, हे तिला न सांगता कळलं होतं. टाचणी रुतूनही ती गप्प राहिली होती ती सोशिक होती म्हणून नव्हे. लोक तिला सोशिक म्हणायचे, शेजारणी आपापल्या मुलींना तिचा दाखला द्यायच्या, आणि ती मनात म्हणायची, तुम्हाला काय कळतंय. आज सकाळी एका परक्या बाईचं बोट गाठीखालून आत आलं आणि तिने श्वास रोखून धरला तो त्याच जुन्या लोभाने. किती दिवसांनी कुणाचा तरी हात गळ्याला लागला होता! नवरा भला माणूस, घरात बसून वर्तमानपत्राची शेवटची ओळसुद्धा सोडत नाही. पूर्वी माळेची कडी मागून तो लावून द्यायचा. मग एकदा म्हणाला, मला आता दिसत नाही गं, तूच लाव. तिनेच लावली. त्यात भांडायचं काय होतं? तरी त्या दिवसापासून मानेची मागची बाजू कुणाच्याच मालकीची राहिली नव्हती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर या वयात काय हे, म्हणाले असते. या वयात! पूर्वी दुकानात सगळ्या तिला ताई म्हणायच्या. कुठल्या सकाळी ताईची मावशी झाली हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. केस पिकतात तेव्हा आरसा तरी सांगतो.

ठीक आहे, तिने स्वतःला बजावलं. आवडलं तर आवडलं. त्यात चोरी कसली? चूक माझी ती नव्हे. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं की चूक कुठे होती. इतकी वर्षं ती इथे बायकांच्या गळ्यात स्कार्फ बांधत आली होती. मान जशी असेल तशी गाठ, हनुवटी दुहेरी असेल तर टोकं लांब सोडायची, गळ्यावर व्रण असेल तर न बघितल्यासारखं करून वळसा वर घ्यायचा. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, बांधायच्या आधी विचारायचं: "हात लावू का?" दुकानाचा नियमच तो. पहिल्या दिवशी शिकवलेला. गिऱ्हाईक मान डोलावेपर्यंत हात हवेत थांबवायचा. या शहरातल्या किती गळ्यांसमोर तिचे हात असे थांबले होते आणि तिच्या गळ्यासमोर एक हात थांबला नाही. हे डोक्यात आलं आणि सकाळचा तो राग पुन्हा आला, आता पाय रोवून. स्कार्फ काढायला वर गेलेले हात तिने खाली घेतले. शेजारच्या मुलीला हाक मारून सांगितलं, "हा माझ्या नावावर पावती कर गं. पगारातून कापायला सांग." मुलगी बावरली. "मावशी, तुम्ही कधी काही घेत नाही." "आज घेतला," ती म्हणाली.

जेवायला खाली गेली तेव्हा पर्सवाली आधीच डबा उघडून बसली होती. पर्सांच्या काउंटरवरची ही बाई तिच्याच बरोबरीची, अंगाने भरलेली, बोलायला फटकळ, आणि गळ्यात निमूट राखाडी. बातमी तिच्यापर्यंत केव्हाच पोचली होती.

"काय गं, पुतळाबाई! अगं, माझ्या काउंटरपर्यंत ऐकू आलं. जिवंत आहे ही, म्हणाली म्हणे." हसून झाल्यावर तिने हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डबा पुढे सरकवला. "खा. आणि तो पिवळा काढ बाई आता. आपल्याला काय करायचंय, राखाडी काय नि काळं काय! पगार येतोय ना? पार्सलला बसून मजेत गप्पा मार."

"कुणाशी? दोऱ्याच्या गुंड्याशी?"

"मीही येईनच की मागून. आज तू, उद्या मी."

"तेच म्हणतेय मी. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

"म्हातारी कोण गं?" पर्सवाली खरंच रागावली. मग दोघींनाही हसू फुटलं आणि हसता हसता पर्सवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने राखाडी टोकाने पुसलं. "मला गुलाबी हवा होता," ती खाली बघत म्हणाली. "त्या नव्या पर्सांच्या रंगाचा. मागायचीसुद्धा लाज वाटली मला." पार्सलच्या खोलीचं दार समोरच अर्धवट उघडं होतं. आत दिवा लागलेला, लांब टेबल, तपकिरी कागदाच्या गुंडाळ्या, एक रिकामी खुर्ची. खुर्चीवर उशी ठेवलेली होती, बहुधा आजच. कुणीतरी काळजीने आणून ठेवलेली. त्या उशीने तिचा जो संताप झाला तो इस्त्रीसाहेबांच्या बोलण्यानेही झाला नव्हता. तिची कीव करून तिला पुरायची सगळी तयारी झाली होती आणि वर तिने धन्यवाद म्हणायचे होते. तिने डब्याचं झाकण लावलं. "कुठे चाललीस?" पर्सवालीने विचारलं. "वर," ती म्हणाली.

वर तिच्या जागेवर कुणी नव्हतं. ती काउंटरमागे शिरली, विस्कटलेले हातमोजे जोडीजोडीने लावले, आरसा गळ्याच्या उंचीला कलता केला. मुली एकमेकींकडे बघत होत्या. कुजबुज अत्तरांपासून छत्र्यांपर्यंत जाऊन आली. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला.  नोकरी जाईल, घरी काय सांगायचं, नवरा वर्तमानपत्र खाली ठेवेल आणि चष्म्यावरून बघेल, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर येत होतं. तरी उभं राहायची तिची पद्धत आज बदलली होती. हातावर हात नव्हता. एक हात कमरेवर होता आणि वजन एका पायावर, मशीनवरून उठल्यावर आई खिडकीत उभी राहायची तसं. आपण असं उभं राहू शकतो याचंच तिला नवल वाटलं.

आणि तेवढ्यात सकाळच्या बाई परत आल्या. जाऊ बरोबर होतीच. मागून इस्त्रीसाहेब घाईघाईने, कारण बाई मोठ्या गिऱ्हाईक होत्या आणि सबंध मजलाभर त्यांना तोच एक रंग सापडत नव्हता.

"हाच," बाई म्हणाल्या. "हाच हवाय मला. हिरवा दाखवला, गुलाबी दाखवला, एकात जीव नाही. यांच्या गळ्यात बघितला ना, तो डोक्यातून जातच नाही."

"देतील ना," इस्त्रीसाहेब तिच्याकडे न बघता म्हणाले. "मावशी, काढून द्या. आणि हे बघा, तसं असेल तर पार्सलचं आपण पुढच्या महिन्यात बघू." म्हणजे सौदा होता. गाठ सोडायची, राखाडी बांधायचा, आणि काउंटर राहील. पुढच्या महिन्यापर्यंत. बाईंचा हात तोवर पुढे आलासुद्धा, सकाळचाच हात, घरच्या कपाटात घालावा तसा.

"बाई," ती म्हणाली, "कुणाच्या गळ्याशी जायच्या आधी हात लावू का, असं आम्हाला विचारावं लागतं. तुम्हीही विचारा."

बाईंचा हात थांबला. त्यांनी इस्त्रीसाहेबांकडे पाहिलं. इस्त्रीसाहेबांनी पुतळ्याकडे पाहिलं. शेवटी जाऊच म्हणाली, "विचार की गं, तुझं काय जातंय?" बाई लाल झाल्या. पण त्यांनी पहिल्यांदाच स्कार्फच्या वर पाहिलं, आणि नजरेला नजर मिळाल्यावर त्यांना विचारणं भाग पडलं. "हात लावू का?"

"नाही," ती म्हणाली. हे माप संपलं, असं सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली. "हा मी घेतलाय. पावती झालीय. तुम्हाला दुसरा दाखवते."

टोप्यांच्या विभागातली एक मुलगी खुदकन हसली आणि तिने तोंडावर टोपी धरली. इस्त्रीसाहेबांच्या कपाळावर मात्र पहिल्यांदाच घडी पडली. "मावशी, पुरे झालं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "खाली जा. आत्ताच्या आत्ता."

"नाही जाणार."

"नाही जाणार म्हणजे?"

"म्हणजे माझ्या पायांनी नाही जाणार," ती म्हणाली. आवाज मजल्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतका मोठा होता. पर्सवाली आपल्या काउंटरवरून बाहेर येऊन उभी राहिली होती. "सकाळी गिऱ्हाइकाला मी पुतळा वाटले, आणि तुम्ही मला हलवायचं ठरवलंत. मग हलवा ना. पुतळे काही जिना उतरून जात नाहीत, साहेब. उचलून न्यावे लागतात. या, उचला."

 दाराशी आलेली माणसं ओव्हरकोटाची बटणं सोडता सोडता थांबली. इस्त्रीसाहेब एक पाऊल पुढे आले. त्यांचे हातही पुढे आले, खरोखरच आले, कमरेच्या उंचीपर्यंत. आणि तिला कुठे धरायचं ते न कळून तिथेच हवेत राहिले. त्या हातांची तिला क्षणभर दया आली. मग तिने त्यांच्याकडे पाठ केली, स्टूल काउंटरबाहेर ओढून पुसलं आणि जावेपुढे ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "यंदा पुष्कळ रंग आलेत."